कुंडीतल्या लिंबाची पानं वळतात तेव्हा

तुमचा प्रश्न मी असा समजले: पुण्यातली पश्चिमेला उघडी गच्ची, 14 इंची काळी प्लॅस्टिकची कुंडी, त्यात कागदी लिंबाचं तीन वर्षांचं कलम. शेंड्याची नवी पानं वेडीवाकडी वळली आहेत, काहींवर चांदीसारखी नागमोडी रेघ दिसते. खालची जुनी पानंही दुपारी मिटल्यासारखी होतात. दर आठवड्याला सरकी पेंडीचं पाणी देता, शेजारच्या कुंडीत कढीपत्ता आहे, आणि खोडावर मुंग्यांची रांग लागलेली असते. औषधाच्या दुकानात ‘व्हायरस आहे, उपटा, नाहीतर हे मारा’ असं म्हणून एक बाटली दिली. आता उपटावं की मारावं, असा तुमचा प्रश्न आहे.

तूर्त दोन्ही करू नका. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या आधी सुट्या केल्या की निम्मं काम होतं. जुनी पानं वळण्याचं कारण बहुतेक वेळा मुळाशी असतं. नवी पानं वळण्याचं कारण बहुतेक वेळा त्या पानावरच, नाहीतर पानाच्या आतच सापडतं. रोपवाटिकेत कोणी वळलेल्या पानांची डहाळी घेऊन आलं की मी पहिल्यांदा हेच विचारते: ही शेंड्याची की खालची? पुष्कळांना ते आठवत नाही, कारण डहाळी तोडताना जास्त वाकडी दिसली ती तोडलेली असते.

जुन्या पानांपासून सुरू करते, कारण ते सोपं आहे. लिंबाचं पक्व पान पाणी कमी पडलं की मधल्या शिरेवर उभं दुमडतं, दोन्ही कडा वर येतात, पन्हळीसारखा आकार होतो. उन्हाला समोर येणारा भाग कमी करायची झाडाची ती रीत आहे. म्हणून दुपारी दोन वाजता बघून काही ठरवू नका, सकाळी सातला बघा. सकाळी पानं सपाट असतील तर मुळं शाबूत आहेत, दुपारच्या उन्हाला पाणी पुरत नाही एवढंच. सकाळीही दुमडलेलीच असतील तर मुळांपर्यंत पाणी पोचत नाही किंवा पोचलेलं पाणी मुळं घेऊ शकत नाहीत. यातलं पहिलं कोरडेपणामुळे होतं, दुसरं मुळं कुजल्यामुळे. पान दोन्हीत सारखंच दिसतं, आणि गोंधळ इथेच होतो: झाड कुजत असताना लोक ‘सुकतंय’ म्हणून आणखी पाणी घालतात.

ओळखायचं कसं? कुंडीत एक वीतभर लाकडी काडी खोचा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओली निघाली, तिला आंबूस वास आला, पानांची मधली शीर पिवळी पडत चालली असेल, तर पाणी जास्त झालंय. बुंध्याशी डिंक पाझरताना दिसला तर तो डिंक्या, म्हणजे बुंधा कुजवणारा रोग, असू शकतो. मग कलमाचा जोड मातीत किंवा पालापाचोळ्यात गाडला गेलाय का ते आधी बघा आणि बुंधा मोकळा करा. काडी कोरडी निघाली तर उलट प्रकार. पण ‘मी रोज पाणी घालते’ म्हणजे माती ओली असेलच असं नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की सहज पाणी शोषत नाही. घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली वाहून जातं, ताटलीत साचतं, आणि आपल्याला वाटतं पोटभर पाणी झालं. अशी कुंडी उचलली तर हलकी लागते. ती एकदा पाण्याच्या टबात मुळांच्या गोळ्याच्या वरपर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. पुढे पाणी देताना खालून निथळेपर्यंत द्यायचं, आणि वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय परत द्यायचं नाही. किती दिवसांनी, ते मी सांगू शकत नाही. मेमधल्या पश्चिमेच्या गच्चीवर ते रोज असेल, ऑगस्टमध्ये आठवडाभर लागणारही नाही.

तुमच्या बाबतीत माझा संशय कुंडीवरच जास्त आहे. 14 इंची कुंडीत तीन वर्षांच्या लिंबाची मुळं गोल गोल फिरून भिंतीला चिकटलेली असणार. काळं प्लॅस्टिक, पश्चिमेचं ऊन, खाली तापलेला स्लॅब. ज्या बाजूला ऊन लागतं त्या बाजूची बारीक मुळं भाजून निघतात. कुंडी विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा खेळेल, पश्चिमेच्या बाजूला मोठी दुसरी कुंडी किंवा गोणपाट आडोशाला लावा, एप्रिल-मेपुरती 50 टक्क्यांची शेडनेट चालेल. मोठी कुंडी, 18 ते 20 इंची, पाऊस नीट सुरू झाल्यावर बदला. मिश्रणात निम्मी तरी खरी माती असू द्या, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट, तळाशी निचरा.

जाता जाता एक: बहार धरायला कुंडीतल्या लिंबाला ‘ताण’ द्या, म्हणजे काही दिवस पाणी तोडा, असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. बागेत ताण देतात ते जमिनीत खोल गेलेल्या मुळांच्या भरवशावर. कुंडीला तो भरवसा नसतो. तुम्ही मधे ताण देऊन पाहिला असेल तर जुनी पानं मिटण्याचं उत्तर तिथेच मिळालं.

आता शेंड्याकडची पानं, म्हणजे नवती. इथे एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं जातं. कोवळं पान वाढत असताना त्याच्या एका बाजूच्या पेशींना इजा झाली की ती बाजू वाढायची थांबते, दुसरी वाढत राहते, म्हणून पान वळतं. पान पक्व होऊन कडक झालं की तो आकार कायमचा. कीड मरून महिना झाला तरी ते पान सरळ होणार नाही. तरीही लोक फवारणी करतात, रोज पान बघतात, ‘फरक पडला नाही’ म्हणतात, आणि आठ दिवसांनी आणखी कडक औषध आणतात. उपाय लागू पडला की नाही हे या पानांवरून कळणार नाही, पुढच्या नवतीवरून कळेल.

चांदीची रेघ ही नागअळी. ही एका अगदी बारीक पतंगाची अळी. पतंग कोवळ्या पानावर अंडं घालतो, अळी निघाली की थेट पानाच्या पातळ कातडीखाली शिरते आणि आतल्या आत चरत जाते. रेघेच्या मधोमध जी काळसर बारीक ओळ दिसते ती तिची विष्ठा. शेवटी ती पानाच्या कडेला येते, कड दुमडून घेते आणि आत कोष करते. विश्वास बसत नसेल तर एखाद्या पानाची वळलेली कड नखाने उलगडून बघा, आत पिवळसर-तपकिरी बारीक कोष किंवा त्याची रिकामी कात सापडेल. उबदार हवेत हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं. लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. एक, कडक झालेल्या पानाला ती हात लावत नाही, म्हणजे धोक्याचा काळ नवती फुटण्यापासून पानं पक्व होण्यापर्यंतचा. दोन, अळी कातडीखाली असल्यामुळे वरून मारलेलं नुसतं स्पर्शाचं औषध तिला लागत नाही.

पण तुमच्याकडे एकटी नागअळी नसावी. मुंग्या आणि कढीपत्ता हे दोन तपशील तुम्ही सहज लिहिलेत, मला तेच सगळ्यात महत्त्वाचे वाटले. मुंग्या झाडावर उगाच चढत नाहीत. त्या गोड चिकट स्रावासाठी येतात, आणि तो देणारं कोणीतरी वर बसलेलं असतं: मावा, पिठ्या ढेकूण, नाहीतर सायला. मावा असेल तर कोवळ्या पानाखाली काळ्या-तपकिरी गुबगुबीत किड्यांची दाटी दिसते आणि पान खाली, आतल्या बाजूला वळतं. पिठ्या ढेकूण कापसासारखा, ओळखायला भिंग लागत नाही. सायला जरा चोरटा. प्रौढ किडा तीन-चार मिलिमीटरचा, तपकिरी, आणि बसतो तो डोकं खाली, मागची बाजू वर उचलून, तिरका. ही बसण्याची ढब एकदा पाहिली की विसरत नाही. पिल्लं चपटी, पिवळी-नारिंगी, नुकत्या उलगडणाऱ्या पानांच्या बेचक्यात, अंगातून पांढरे मेणाचे कुरळे तंतू सोडणारी. त्यांनी रस शोषला की शेंडा पिळवटतो, पानं बारीक आणि वेडीवाकडी राहतात, कधी शेंडाच वाळून गळतो. पानांवर काळा थर चढला असेल तर ती त्या स्रावावर वाढलेली बुरशी, ओल्या फडक्याने पुसली जाते.

कढीपत्ता हा याच सायलाचा आवडता मुक्काम, कुंतीचं शोभेचं झुडूपही तसंच. अमेरिकेला जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतला ताजा कढीपत्ता विमानतळावर काढून टाकल्याची गोष्ट बहुतेक घरांत ऐकलेली असते. त्यामागे हाच किडा आहे. तो लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग नावाचा रोग पसरवतो. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला आणि त्यानंतर तिथलं संत्र्याचं उत्पादन कोसळलं. म्हणून तुम्ही लिंबावर कितीही फवारा, शेजारच्या कढीपत्त्याचे शेंडे न बघता सोडलेत तर आठवड्यात परत पाहुणे हजर. कढीपत्ता काढायची गरज नाही. त्याचे कोवळे शेंडे खुडून स्वयंपाकात वापरत राहा (धुऊन), आणि लिंबावर जी फवारणी कराल ती त्याच्यावरही करा. फवारलेला पाला चार-पाच दिवस फोडणीत घालू नका.

फुलकिडे आणि कोळी (जाळ्यातला मोठा कोळी नव्हे, पानातला रस शोषणारा सूक्ष्म जीव) यांचं थोडक्यात. पांढऱ्या कागदावर शेंडा हलके झटका. पिवळसर लांबट ठिपके तुरुतुरु पळाले तर फुलकिडे. त्यांनी खरवडलेली पानं वरच्या बाजूला वाटीसारखी होतात, चामड्यासारखी जाड लागतात, आणि फळाच्या देठाजवळ करडा गोल व्रण दिसतो. अगदी सूक्ष्म ठिपके हळूहळू सरकले आणि पानावर फिकट बारीक टिकल्या असतील तर कोळी. तो कोरड्या हवेत वाढतो, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी निम्मा कमी होतो.

राहिला व्हायरस. दुकानदाराचं म्हणणं हवेतलं नाही, पण पुरावा न बघता काढलेलं आहे. मिरचीच्या चुरडा-मुरड्यात विषाणूचा हात असतो, त्यामुळे ‘पान वळलं की व्हायरस’ हे समीकरण डोक्यात बसलंय. लिंबाला विषाणू लागतो, ट्रिस्टेझा, आणि तो काळ्या माव्यातून पसरतो. कागदी लिंबू त्याला इतकं संवेदनशील आहे की रोगतज्ज्ञ दुसऱ्या झाडातला ट्रिस्टेझा ओळखायला कागदी लिंबाचंच रोप वापरतात. त्याची खूण अशी: कोवळं पान उजेडासमोर धरलं की बारीक शिरा जागोजाग तुटक, पारदर्शक दिसतात, आणि पान वाटीसारखं होतं. ही खूण दिसली नाही आणि नागअळीची रेघ मात्र स्वच्छ दिसतेय, तर विषाणूचा विचार मागे ठेवा. ग्रीनिंग हा विषाणू नाही, तो जिवाणूमुळे होतो. त्यात पान वळण्यापेक्षा रंग महत्त्वाचा: पिवळे डाग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतात, एकीकडे वेगळे, दुसरीकडे वेगळे. दोन्ही बाजूंना शिरा हिरव्या आणि मधला भाग सारखाच पिवळा असेल, पानंही लहान असतील, तर ती बहुधा जस्ताची कमतरता. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांकडे ती फार दिसते आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या साध्या फवारणीने पुढची नवती सुधारते.

आता करायचं काय. माझा क्रम थोडा उलटा वाटेल, कारण पहिलं काम फवारणीचं नाही, पेंडीचं पाणी थांबवण्याचं आहे. दर आठवड्याला नत्र मिळालं की झाड सतत कोवळं फुटत राहतं. बागेत मृग, हस्त आणि आंबे बहाराच्या सुमारास नवतीच्या ठळक लाटा येतात, मधल्या काळात पानं कडक असतात आणि किडीला उपास घडतो. तुमच्या कुंडीवर बारमाही पंगत मांडलेली आहे. आताची नवती कडक होईपर्यंत काही देऊ नका. नंतर महिना-दीड महिन्यातून एकदा, दोन मुठी कुजलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. कलमाच्या जोडाखालून फुटलेले पाणसोट असतील तर ते मात्र आजच काढा. ते ज्यावर कलम बांधलंय त्या जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटाचे असतात, कामाचे नसतात आणि सगळ्यात आधी किडतात.

वळलेली पानं छाटायची का? नागअळीची छाटू नका. वाकडं पानही अन्न तयार करतं, आणि छाटणी केली की नवी कोवळी फूट येते, म्हणजे अळीला पुन्हा आमंत्रण. सायला किंवा माव्याने गच्च भरलेले दोन-चार शेंडे असतील तर तेवढेच खुडून पिशवीत बंद करून टाका. दुसरा अपवाद खैऱ्या रोगाचा. नागअळीने पोखरलेल्या जागेतून हा रोग सहज शिरतो, विशेषतः पावसात. खरखरीत, उंचवट्यासारखे तपकिरी डाग आणि भोवती पिवळी कडा दिसली तर त्या डहाळ्या कोरड्या हवेत छाटा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात फवारा.

मुंग्यांसाठी पावडर टाकू नका. खोडाभोवती कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन किंवा चिकट थर लावा, आणि झाडाची एकही फांदी भिंतीला टेकणार नाही असं बघा. मुंग्यांचा पहारा उठला की चित्रभुंगेरे आणि क्रायसोपा या मित्रकिडीच्या अळ्या माव्याचा बराच फडशा पाडतात.

फवारणी कडुनिंबाची, पण वेळ साधून. नवी फूट बोटाच्या पेराएवढी झाली की पहिली, मग सात-आठ दिवसांनी, पानं कडक होईपर्यंत. साधारण दोन-तीन फवारण्या होतात. 10,000 पीपीएमचं निमअर्क असेल तर लिटरला 2 ते 3 मिली, घाण्याचं साधं कडुनिंबाचं तेल असेल तर 5 मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी कपभर कोमट पाण्यात पातळ साबणाचे दोन मिली, त्यात तेल घोटायचं, दुधासारखं झालं की बाकीचं पाणी. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. संध्याकाळी मारा, 35 अंशांच्या वर तापमान असताना तेल मारलं तर पानं भाजतात. फुलं उमललेली असताना थांबा, मधमाश्या येतात. पावसाने धुऊन गेली तर परत मारावी लागते, त्याला इलाज नाही. कडुनिंब आत शिरलेल्या अळीला फारसं काही करत नाही, पतंगाला अंडी घालण्यापासून परावृत्त करतं, म्हणून उशिरा मारलेलं वाया जातं. ‘कडुनिंबाने काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी रेघा दिसल्यावर मारलेलं असतं. आंबट ताक आणि हिंगाबद्दल लोक हमखास विचारतात. नुकसान नाही, पण मी त्यावर नवती सोपवणार नाही.

दुकानातली बाटली कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. लेबलवर घटक बघा. इमिडाक्लोप्रिड असेल तर ते झाडाच्या रसात भिनतं, मधमाश्यांना घातक आहे, आणि ज्या झाडाचं लिंबू संध्याकाळी तोडून सरबतात पिळायचं त्याला गच्चीवर ते मारावं असं मला वाटत नाही. शेकडो झाडांच्या बागेचं गणित वेगळं असतं, तिथे शिफारशीप्रमाणे आणि काढणीपूर्वीचा काळ पाळून वापर होतो. तुमच्याकडे एक झाड आहे. त्याचे सगळे शेंडे दहा मिनिटांत हाताने तपासून होतात.

हे सगळं केलं की आताची वाकडी पानं तशीच राहतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. सप्टेंबर-ऑक्टोबरची नवती बघा. ती बरीचशी सपाट आली तर झाड मार्गावर आहे, एखाद-दुसरं रेघेचं पान चालायचंच. नवी पानं लहान, दोन्ही बाजूंना वेगवेगळी पिवळी, आणि फांद्या टोकाकडून वाळत असतील, तर पानांसकट एक ताजी डहाळी कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. तोवर त्या झाडाची गुटी बांधून (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) कोणाला देऊ नका.